दोर जितका सरळ, तितका ताण अधिक

अमेरिकेतील डोंगराळ अरण्यांत पायवाटांवर ठिकठिकाणी दगडी पायऱ्या बसविलेल्या असतात. एक मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद व ४० सेंटिमीटर जाड अशी ग्रॅनाइटची एक पायरी घ्या. तिचे घनफळ ०.२४ घनमीटर. एक घनमीटर ग्रॅनाइट सुमारे २,७०० किलोग्रॅम भरतो. म्हणजे पायरी झाली जवळजवळ ६५० किलोग्रॅमची! बरे, यंत्र आणावे, तर १९६४ च्या कायद्याने राखलेल्या तेथील अरण्यांत मोटारी व इंजिनावर चालणारी अवजारे सामान्यतः वर्ज्य आहेत. मग वाट बांधणारे काय करतात?

दगड हातभर सरकवायला पहार पुरते. लांब न्यायचा तर दोर, कप्प्या आणि हाताने चालवायचे ओढयंत्र लागते. या यंत्रात तारदोर धरणारे दोन जबडे असतात. दांडा पुढेमागे केला की एक जबडा दोर ओढतो, तेवढ्यात दुसरा सरकून नवी पकड घेतो. काम सावकाश चालते. पण दांडा थांबला की दगडही तेथेच थांबतो, आणि उतारावर याहून मोठा गुण कोणता?

मध्ये ओढा असेल तर दोन झाडांना तारदोर बांधून त्यावर कप्पीने दगड लटकवून नेतात. नवख्याची फसगत होते ती येथे. दोर जितका ताठ तितका चांगला, असे त्याला वाटते. आपण हिशेब करू. झाडांमधील अंतर २० मीटर आहे, दगड बरोबर मध्यावर आहे, आणि दोराचे स्वतःचे वजन सोडून देऊ. दोराला ५ मीटर झोळ असेल तर त्यातील ताण सुमारे ७३० किलोग्रॅम-भार येतो. झोळ २ मीटर असेल तर सुमारे १,६५०. आणि १ मीटरच ठेवला तर सुमारे ३,२५०, म्हणजे दगडाच्या पाचपट! दोन्ही झाडे एवढ्याच जोराने ओढली जातात.

असे का व्हावे? दगडाला तोलून धरतो तो ताणाचा फक्त उभा घटक. दोर आडवा होत गेला की ताणातील हा वाटा घटतो. वजन मात्र तेवढेच राहते. ते पेलण्यासाठी ताणच वाढावा लागतो.

तारदोर ५,००० किलोग्रॅम-भाराला तुटणारा असेल, तर पुष्कळदा त्याच्या पाचव्या हिश्शापर्यंत, म्हणजे १,००० पर्यंतच ताण येऊ देतात. वरील तीन मांडण्यांपैकी त्यात बसते ती पहिलीच.

वर्गात हे करून पाहा. दोरीच्या मध्यावर एक किलोग्रॅमचे वजन बांधा, दोन्ही टोकांना ताणकाटे लावा व दोघांनी ते धरा. दोऱ्या जवळजवळ समांतर असताना प्रत्येक काटा अर्धा किलोग्रॅम दाखवील. दोऱ्यांमधील कोन १२० अंश झाला की प्रत्येक काटा पूर्ण एक किलोग्रॅम दाखवील! आता दोरी अगदी सरळ करण्याची पैज लावा. कोणीच जिंकणार नाही. मात्र काट्याच्या मर्यादेपलीकडे ओढू नका.

दोराची दिशा बदलणाऱ्या कप्पीचा हिशेबही असाच आहे. ५०० किलोग्रॅम-भाराने ओढलेला दोर कप्पीवरून काटकोनात वळला, तर कप्पी झाडाला बांधणाऱ्या पट्ट्यावर सुमारे ७०० चा भार येतो; उलट फिरून समांतर आला तर १,०००. पट्टा तुटलाच तर कप्पी झेपावते ती दोराने केलेल्या कोनाच्या आतल्या बाजूला. त्यामुळे ताण असताना त्या कोनात कोणी उभे राहत नाही, लटकत्या दगडाखालीही जात नाही. ओढण्याचा इशारा एकानेच द्यायचा असतो. ‘थांबा’ मात्र कोणीही ओरडू शकतो, आणि ते ऐकताच दांडा थांबवायचा असतो.