घाटातील दरड : थोडी माहिती

भाविकहो, नांदुरीहून श्रीसप्तशृंग गडाकडे येताना आपले लक्ष बहुधा दरीकडे असते. दुसऱ्या बाजूच्या उभ्या कातळाकडे फारसे कोणी पाहत नाही. जुलै २०१५ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून दोघांचे प्राण गेले, तो कातळही याच जातीचा, लाव्हारसाच्या थरांचा. या थरांमध्ये कोठे कोठे तांबडा, मातकट पट्टा असतो. पावसाने तो झिजतो आणि वरचा काळा पाषाण अधांतरी राहतो. भेगांतील पाणी व झाडांची मुळे उरलेले काम करतात.

दगड केव्हा सुटेल, हे गणिताने सांगता येत नाही. सुटल्यावर तो कोठवर जाईल व किती जोराने आदळेल, याचा अंदाज मात्र बांधता येतो. अमेरिकेत आर्थर रिची यांनी डोंगरउतारांवरून खरोखरीचे दगड सोडून पाहिले व १९६३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अगदी उभ्या कड्यावरून दगड सरळ पायथ्याशी पडतो, सौम्य उतारावर गडगडतो, तर मधल्या उतारावर उसळ्या घेतो. हा उसळणारा दगडच कडेचा चर ओलांडून रस्त्यावर येतो.

आता हे काम संगणकावर होते. उताराचे मोजमाप भरून हजारो काल्पनिक दगड सोडतात. कातळावर दगड जास्त उसळतो, मातीवर कमी, हे लक्षात घेऊन प्रत्येकाची वाट काढली जाते. काळ्या पाषाणाचा एक घनमीटर तुकडा सुमारे २,८०० किलो भरतो. पन्नास मीटरवरून सरळ पडल्यास त्याचा वेग ताशी ११० किलोमीटरपर्यंत जातो. साध्या कुंपणाचा येथे काय निभाव लागणार? म्हणून ताणली जाऊन धक्का पचविणारी पोलादी जाळी लावतात. तिची उंची व ताकद याच हिशेबावरून ठरते. हिशेब अर्थात पाहणीइतकाच खरा. न दिसलेली भेग त्यात येत नाही.

जाळी बसविली म्हणजे खर्च संपला, असे देणगीदारांनी कृपया समजू नये. अडकलेले दगड वेळोवेळी काढले नाहीत, तर पुढचा दगड त्यांच्यावरून उडी घेतो. जाळीच्या साफसफाईस व दुरुस्तीस दिलेला पैसा नव्या जाळीइतकाच मोलाचा आहे.

पावसाळ्यात कड्याखाली वाहन थांबवू नये, छायाचित्रासाठी तर मुळीच नाही. डांबरावर ताजे खड्डे, पांढरट ओरखडे किंवा खडीचे तुकडे दिसल्यास तेथे वरून नुकताच दगड आला आहे, असे समजावे. न थांबता पुढे जावे व पहिल्या वस्तीवर कळवावे.