जुन्या चादरी-पडद्यांतून स्वस्त व टिकाऊ कपडे

घरातली जुनी चादर बोहारणीला देऊन आपण एखादे भांडे घेतो आणि विसरून जातो. ती चादर पुढे बाजारात जाते व निवड होऊन विकली जाते. शिवणकाम जाणणाऱ्या कारागिरासाठी हा कच्चा माल आहे. पानिपतमध्ये जुन्या लोकरी कपड्यांपासून सूत काढून ब्लँकेटे विणण्याचा मोठा धंदा चालतो. आपल्याकडची गोधडी, उर्दूतील गुदडी, हीसुद्धा याच विचारातून आली. थोड्या भांडवलात सुरू होणाऱ्या या कामाची माहिती येथे देत आहे.

कापड किती निघते?

डबल चादरीचे एक सर्वसाधारण माप 90 × 108 इंच असते. चादर झिजते ती मध्यभागी, जेथे अंग टेकते. गादीखाली खोचलेल्या बाजू बहुधा चांगल्या राहतात. मधला 30 इंचांचा पट्टा बाद धरला तरी दोन्ही बाजूंना 30 इंच पन्ह्याचे तीन-तीन वार, म्हणजे सहा वार कापड हाती येते. एवढ्यात चार-पाच वर्षांच्या मुलीचे तीन फ्रॉक आरामात बसतात.

माल कसा पारखावा?

1. चादर उजेडासमोर धरा. जेथे जाळीसारखे दिसेल तेथे खडूने खूण करा.

2. दोन्ही अंगठ्यांनी कापड ताणा. चरचर आवाज आला किंवा धागे सरकले तर तो भाग घेऊ नका.

3. काठाचा एक धागा काढून जाळा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. रंगवायचे असेल तर ही परीक्षा जरूर करा. सुती कापडाचा साधा रंग पॉलिएस्टरवर चढत नाही आणि टेरीकॉटवर फिका बसतो.

4. इस्पितळातून निघालेला माल घेऊ नये.

शिवण्यापूर्वी

माल गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. रक्ताचा डाग मात्र आधी थंड पाण्यात काढावा, गरम पाण्याने तो पक्का होतो. जुन्या सुती कापडाचा एक फायदा असा की ते अनेक धुण्यांत आधीच आटलेले असते. म्हणून त्याला नवे सुती अस्तर लावायचे तर ते अस्तरही धुऊन घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात कपड्याला चुण्या पडतील.

बेतणे व शिलाई

कपड्याची उंची उभ्या धाग्यावर धरा. शिलाईचा दाब नेहमीपेक्षा थोडा जास्त ठेवा. टाका फार बारीक घालू नका. जुन्या कापडात जवळजवळ भोके पडली की ते शिलाईवरच फाटते. साध्या सुती चादरीला 14 नंबरची सुई, जाड पडद्याला 16 नंबरची. गळ्याला व बाहीला उरेब पट्टी लावा. काज-बटनाच्या जागी आतून नव्या कापडाची पट्टी द्या.

उशीच्या अभ्र्यांतून बाळाची झबली व टोपडी, टॉवेलातून लाळेरी, पडद्यांतून पिशव्या व अॅप्रन, सोलापुरी चादरीतून थंडीची जाकिटे होतात. उरलेल्या झिजक्या पट्ट्या गोधडीच्या आत भरा.

हिशेब नीट मांडा

समजा चादर 90 रुपयांना मिळाली, धुणे-इस्त्री 15, धागा, बटन व इलॅस्टिक 30. खर्च झाला 135. तीन फ्रॉक 90 रुपयांप्रमाणे विकले तर 270 आले, म्हणजे 135 रुपये नफा, असे पुष्कळजण समजतात. पण शिवणाऱ्या बाईची मजुरी कोठे आहे? फ्रॉकमागे 60 रुपये धरले तर मजुरीच 180 होते, म्हणजे या धंद्यात प्रत्यक्षात 45 रुपयांचा तोटा आहे. घरची बायको किंवा मुलगी शिवते म्हणून मजुरी धरायची नाही, ही रीत चुकीची आहे. तिच्या कष्टावर उभा राहिलेला नफा हा नफा नव्हे. शिवाय उद्या बाहेरचा कारागीर ठेवावा लागला तर असा धंदा एक महिनाही टिकणार नाही. 105 रुपये हा फ्रॉकचा खर्च आहे, त्यावर आपला नफा ठेवून मग भाव सांगा. तो भाव बाजारात मिळत नसेल तर चादर स्वस्त मिळवा किंवा दुसरी वस्तू शिवा. मजुरी कापू नका.

गिऱ्हाइकाशी व्यवहार

जुन्या कापडाचा माल नवा म्हणून विकणे म्हणजे ऐब लपवून विकणे, आणि शरियतने ते नाजायज ठरवले आहे. कापड वापरलेले आहे, धुतलेले आहे, शिलाई नवी आहे, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. मऊ पडलेले सुती कापड लहान मुलांच्या अंगाला बोचत नाही, हा त्याचा खरा गुण आहे. तो सांगूनच माल विका. खरे सांगून विकलेल्या मालाचे गिऱ्हाईक परत येते आणि बरकत त्यातच आहे.

सुरुवात पाच चादरींनी करा. त्यांचा खर्च, मजुरी व विक्री वहीत लिहा. ती वही पाहूनच पुढची खरेदी ठरवा.