वजिराची सवय

अणदूर, ता. तुळजापूर

चि. भाच्यास,

आमच्या गावच्या शाळेनं तुला खो-खोचा प्रशिक्षक म्हणून घेतल्याचं ताईनं फोनवर सांगितलं. तू त्यावर गप्प गप्प असतोस, हेही सांगितलं. लीगमध्ये मॅटवर, दिव्यांच्या झोतात खेळलेल्या गड्याला अणदूरच्या मातीत शिट्टी घेऊन उभं राहणं ही उतरण वाटणारच. वाटू दे. पण सोमवारी मैदानावर जाण्याआधी एवढं वाच.

तू वजीर होतास. अल्टिमेट खो-खो लीगमध्ये पाठलाग करताना दोन्हीकडे वळायची मुभा फक्त वजिराला. शालेय सामन्यात ती कुणालाच नाही; एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागं फिरलं की फाऊल. म्हणजे तुझ्या अंगात मुरलेली सवयच पोरांना महागात पडायची. सुरुवातीला खांबावरचे सूर दाखवूच नकोस. पोरं टाळ्या वाजवतील आणि दुसऱ्या दिवशी गुडघे फोडून घेतील. आधी पाटीवर बसायला शिकव. नऊतले आठ बसलेलेच असतात. लोक धावणाऱ्याला बघतात, पण गडी निसटतो तो बसलेला उशिरा उठला म्हणून, नाहीतर खो मिळायच्या आधीच उठला म्हणून. बसलेल्या पोराची नजर कुठं आहे, हे बघणारे गुरुजी मला फार थोडे भेटले.

लीगमधून शाळेच्या मैदानावर येणारा तू पहिलाच नाहीस. अमेरिकी फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक असतो. चेंडू आधी त्याच्या हाती येतो, पुढची चाल तो चालवतो. जॉन किटना असाच एक. 2011 पर्यंत तिथल्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये खेळला आणि 2012 मध्ये टॅकोमातल्या लिंकन हायस्कूलात, आपल्याच जुन्या शाळेत, प्रशिक्षक झाला. 2013 च्या डिसेंबरात त्याच लीगमधल्या डॅलस काउबॉइज संघाचा क्वार्टरबॅक जायबंदी झाला, तेव्हा राखीव म्हणून किटनाला आठवडाभरासाठी बोलावलं. गेला, आणि मिळालेले पन्नास हजारांवर डॉलर शाळेला देऊन टाकले. यानं भारावू नकोस. त्याच्या गाठीला पैसा होता, तुझ्या मानधनात पेट्रोल भागलं तरी पुष्कळ. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते: तो शाळेत गणितही शिकवायचा. तूही मुख्याध्यापकांकडून वर्गातला एखादा तास मागून घे. मैदानावर धीट दिसणारं पोर फळ्यापुढं कसं आक्रसतं, ते तुला तिथंच कळेल.

आणि सारिका काळे तर आपल्याच जिल्ह्याच्या. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय खो-खो संघाच्या कर्णधार. 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या तुळजापूरलाच क्रीडा अधिकारी होत्या. जवळजवळ दहा वर्षं एका वेळच्या जेवणावर काढली, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. त्याच 2016 मध्ये घरच्या ओढाताणीमुळं त्या खेळ सोडायला निघाल्या होत्या. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत काढली आणि त्या मैदानावर परतल्या. त्या वेळी त्यांना नवा डाव शिकवायची गरज नव्हती. कुणीतरी बसून ऐकून घ्यायची होती. हे काम तुझ्या नेमणुकीच्या कागदात लिहिलेलं नसणार, पण तुझा निम्मा वेळ त्यातच जाईल. जाऊ दे.

मैदानाची हजेरी वेगळ्या वहीत ठेव. पोर दोन दिवस दिसलं नाही, तर तिसऱ्या संध्याकाळी त्याच्या घरी जा. शिट्टी खिशात ठेव, चहाला नाही म्हणू नकोस, आणि बापाइतकंच आईशीही बोल. मुलींच्या घरी तर सरावाची सुटायची वेळ आधीच सांगून ये आणि ती पाळ. ऊसतोडीला जाणारी घरं दिवाळीआधीच विचारून ठेव. पोर आजीकडं मागं राहू शकतं का, हे तेव्हाच ठरतं. ट्रक लागल्यावर बोलून उपयोग नाही.

फक्कीचं पोतं मी ओसरीवर आणून ठेवलंय. रेघा पोरांकडूनच मारून घे, म्हणजे मापं पाठ होतील. राहायला आमच्याकडेच ये. मामीनं माळवद झाडून घेतलंय. ताईला सांग, काळजी करू नको.

तुझा,
मामा