दार लावून तपासा

डिसेंबर उजाडला की मुलुंड-घाटकोपरच्या जुन्या बिल्डिंगांमधून फोन सुरू होतात. गिझर पेटत नाही, पेटला तर पाणी कोमटच येतं. गेली वीस-बावीस वर्षं मी गॅस गिझरचंच काम करतो. त्यातल्या एका सर्व्हिसिंगची आठवण आली की अजून अंगावर काटा येतो.

मुलुंड पूर्वेला चौथ्या मजल्यावरचं घर. पाइपच्या गॅसवरचा गिझर बाथरूममध्येच बसवलेला. मी कव्हर उतरवलं, बर्नर ब्रशने झाडला, जेट साफ केले, पाण्याच्या व्हॉल्व्हमधला फाटलेला डायफ्राम बदलला, दोन नवे सेल घातले. नळ सोडताच टकटक ठिणगी पडली आणि निळी, सरळ ज्योत लागली. काकूंना बोलावून दाखवली, पैसे घेतले आणि निघालो.

तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. आंघोळीला गेलेली मुलगी हाका मारूनही ओ देईना, तेव्हा शेजाऱ्यांनी दार तोडलं. ती फरशीवर पडली होती. हॉस्पिटलात वेळेवर ऑक्सिजन मिळाला म्हणून वाचली. "दादा, तुम्ही परवाच तर साफ केला होतात ना?" काकू पुन्हा पुन्हा एवढंच विचारत होत्या.

मी धावत गेलो. बर्नर स्वच्छच होता. मग गिझरच्या डोक्यावरून खिडकीबाहेर गेलेला पत्र्याचा पाइप खोलला. बाहेरच्या तोंडाची जाळी कधीच गळून गेली होती आणि आत कबुतराचं घरटं होतं. काटक्या, खराट्याच्या काड्या, विष्ठा, सगळं दाबून बसवल्यासारखं घट्ट. खिडकीच्या काचपट्ट्यांना थंडी नको म्हणून आतून प्लास्टिक चिकटवलेलं. ते प्लास्टिक सर्व्हिसिंगच्या दिवशीही होतं, मी पाहिलंही होतं. पण तेव्हा दार सताड उघडं होतं आणि नळ मी जेमतेम मिनिटभर चालवला. आंघोळ दार लावून होते आणि मी तपासलं दार उघडं ठेवून. चूक माझी होती.

गॅस जळायला त्याच्या दहापट हवा लागते. कोंडलेल्या बाथरूममध्ये ती पुरत नाही, जळलेली हवा फिरून बर्नरकडेच येते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. पाइपच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास दिलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त ओढीने चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. आंघोळ करणाऱ्याला वाटतं पित्त झालंय, आणि कडी काढायला हात उचलत नाही.

जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत पंधरा वर्षांची मुलगी अशीच गेली. मार्च २०२३ मध्ये होळी खेळून आलेलं घाटकोपरचं जोडपं बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं, तेव्हाही पहिला संशय गॅस गिझरवरच आला.

थंड देशांत दुकानांच्या, शाळांच्या गच्चीवर गॅसवर हवा तापवणारी मशिनं असतात. तिथे ज्योत बंद नळीच्या आत असते आणि खोलीत जाणारी हवा त्या नळीच्या बाहेरून फिरते. तरीही थंडीआधी तिथले कारागीर त्या नळीला तडा गेलाय का ते बघतात. आपल्याकडे ज्योत थेट बाथरूममध्येच पेटते.

मुलुंडच्या त्या घरानंतर माझी रीत बदलली. आधी साबणाच्या पाण्याने गळती बघतो. मग बर्नरइतकाच वेळ वरच्या तांब्याच्या पाकळ्यांना देतो, कारण तिथे काजळी साचली की धुराची वाट तिथेच बंद होते. पाइपचं बाहेरचं तोंड स्वतः बघतो आणि जाळी बसवतो. शेवटी दार-खिडकी घरचे ठेवतात तशी ठेवून, एक्झॉस्ट फॅन लावून, कार्बन मोनॉक्साइडचा मीटर आत ठेवतो आणि दहा मिनिटं गरम पाणी सोडतो. मी बाहेर थांबतो. फॅन जोरात असेल आणि दाराखालून हवा येत नसेल तर तो पाइपमधला धूर उलटा आत ओढतो, हे मला मीटरनेच शिकवलं. आकडा चढला की गॅसचा व्हॉल्व्ह बंद करतो, मग गिऱ्हाईक कितीही रागावो.

मेकॅनिक आला की तुम्हीही हे करून घ्या. पाहुणे आले म्हणून एकामागून एक आंघोळी लावू नका. सिलिंडरवरचा गिझर पाइपच्या गॅसला तसाच जोडू देऊ नका, त्याचे जेट वेगळे असतात. जमत असेल तर गिझर बाथरूममधून काढून हवेशीर ड्राय बाल्कनीत न्या, आत नुसतं गरम पाणी येऊ द्या.

आणि कुणी पडलंच तर आधी उघड्यावर आणा. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून निर्धास्त होऊ नका. ह्या विषबाधेत तो ९८ दाखवू शकतो, कारण हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलाय की हा वायू, हे त्याला ओळखता येत नाही. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, की बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता. त्या दिवशी काकूंनी ते सांगितलं होतं.