वाळुंज लावण्यापूर्वी

वाळुंज लावू इच्छिणाऱ्याने प्रथम आपल्या सांडपाण्याचा मार्ग पाहावा आणि मगच झाडाची जागा मुक्रर करावी. हा क्रम उलटला म्हणजे काय होते, याचा प्रत्यय मला ज्या घरात आला, त्याच्या पूर्वीच्या मालकांनी हे झाड न्हाणीघरामागे, नळाला अगदी लगत, मोठ्या हौसेने वाढविले होते. झाड देखणे होते, यात शंका नाही. पानांच्या पाठीला रुपेरी झाक असल्यामुळे वारा सुटला की त्याचा सारा माथा क्षणात हिरवा तर क्षणात पांढुरका होई. परंतु पाणी वारंवार तुंबू लागले आणि अखेर गवंड्याने अंगण खणून नळ उघडला, तेव्हा चिनीमातीच्या दोन नळांच्या सांध्यातून शिरलेल्या एका सुतळीएवढ्या मुळाला आत असंख्य फाटे फुटून, घोड्याच्या शेपटासारखा तांबूस झुबका नळाच्याच आकारात ठासून बसलेला आढळला.

याचा दोष वृक्षाला देणे अन्यायाचे होईल. सुस्थितीतील नळ त्याची मुळे सहसा फोडीत नाहीत. जेथे सांधा झिरपतो, तेथील ओलाव्याचा माग काढीत ती पोहोचतात आणि अन्नपाणी मिळताच विस्तारतात. ओढ्याकाठी हाच स्वभाव उपकारक ठरतो, कारण पुराच्या लोंढ्यात ढासळणारी दरड हीच मुळे आवळून धरतात. म्हणून मोरी, शौचकूप, विहिरीचे बांधकाम आणि घराचा पाया यांपासून निदान पन्नास फूट अंतर राखावे. शेजाऱ्याच्या हद्दीलाही हाच नियम लावावा, म्हणजे पुढील तक्रारी टळतात. ज्यांच्या जमिनीत बारमाही ओल नाही, त्यांनी विहिरीचे पाणी घालून हे झाड पोसण्याच्या भरीस पडू नये.

ओढ्याचा काठ लाभला असेल, तर लागवड अत्यंत सुलभ आहे. अंगठ्याएवढ्या जाडीची, हातभर लांबीची निरोगी फांदी घेऊन तिचे डोळे वरच्या दिशेस राहतील अशा बेताने दोन तृतीयांश भाग ओल्या गाळात पुरावा. बियांवर मात्र विसंबू नये. त्या अल्पायुषी असतात, शिवाय नर व मादी झाडे वेगवेगळी असतात. फांद्या वेळोवेळी छाटल्यास नवे लवचीक फोक फुटतात व ते टोपल्या विणण्यास उपयोगी पडतात. छाटलेल्या काटक्या ओल्या जागी टाकू नयेत, तेथे त्या पुन्हा मूळ धरतात; उन्हात पुरत्या वाळवाव्या.

सालीच्या औषधी गुणांविषयीही खबरदारी अवश्य आहे. १७६३ साली एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने वाळुंजाच्या युरोपीय भावंडाच्या सालीचे चूर्ण तापावर गुणकारी असल्याचा वृत्तान्त रॉयल सोसायटीला कळविला आणि १८२८ साली त्या सालीतून सॅलिसिन वेगळे करण्यात आले. ॲस्पिरिनच्या इतिहासाचा आरंभ येथेच आहे. तथापि घरच्या काढ्यात त्या द्रव्याचे प्रमाण किती उतरले, हे डोळ्यांना दिसत नाही. ज्यांना ॲस्पिरिन सोसत नाही अशांना, गर्भवतींना आणि तापाने फणफणलेल्या मुलांना तो काढा कदापि देऊ नये.

घराजवळ जुने वाळुंज आधीपासून उभे असेल, तर त्यावर लगेच कुऱ्हाड चालविण्याची घाई करू नये. आधी नळाचे सांधे तपासून पक्के करून घ्यावे आणि झाड काढणे भागच पडले, तर त्याच्याच फांद्या जवळच्या ओढ्याकाठी रोवण्याची तजवीज त्याच दिवशी करावी.