इंजिन सगळ्यात शेवटी

जुन्या गाडीत दुसरं इंजिन टाकायचं म्हणून माझ्या लेथवर येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मिस्त्री, कोणतं टाकू?" मी उलट विचारतो, गाडीला पुढं काय काम करायचंय? एवढ्यावरच अर्धे लोक नाराज होतात. इंजिन त्यांनी आधीच पसंत केलेलं असतं, बऱ्याचदा विसारही दिलेला असतो. माझ्याकडून त्यांना फक्त ते बसवून हवं असतं.

आमचं पिंपळगाव रेणुकाई हिरव्या मिरचीच्या बाजाराचं गाव. हंगामात तोडलेला माल त्याच दिवशी बाजारात येतो, रात्री ट्रक भरतात आणि उजाडायच्या आत माल दूरच्या शहरांच्या वाटेला लागतो. हिरवी मिरची कट्ट्यात अडकून पडली की आतून तापते, वजन सोडते, देठ काळे पडतात. गाडी शेताच्या बांधावर बंद पडली, तर नुकसान त्याच रात्री होतं. म्हणून इथं गाडी भरलेली असताना जागची हलायला हवी, हे पहिलं. पळायचं कौतुक नंतर.

ज्या गाडीबद्दल सांगतोय ती महिंद्राची एफसी-१५०. अमेरिकेतल्या विलीजच्या 'फॉरवर्ड कंट्रोल' जीपवरून महिंद्राने १९६५ पासून ही पिकअप आपल्याकडे काढली. हिला बॉनेटचं नाक नाही. ड्रायव्हर पुढच्या चाकाच्या डोक्यावर बसतो आणि इंजिन केबिनमध्येच, त्याच्या नि क्लीनरच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली. ते इंजिन म्हणजे हरिकेन: २१९९ सीसी, पेट्रोल, ७५ हॉर्सपॉवर. हवा घेणारा व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि धूर सोडणारा ब्लॉकमध्ये, अशी जुनी रचना. आजच्या पोरांना ७५ आकडा ऐकून हसू येतं. पण या इंजिनाची खरी ओढ दोन हजार फेऱ्यांच्या आसपास मिळते, आणि मालाच्या गाडीला तीच लागते.

१९७३ नंतर पेट्रोल महागलं आणि पेट्रोलच्या जीपा पोसणं जड झालं. महिंद्राने स्वतः १९७५ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवून सीजे-५००डी काढली. पुढं प्यूजोचं डिझेल आलं. कंपनीने केलं ते खेड्यापाड्यातल्या गॅरेजांनीही केलं, फक्त कंपनीने त्यासोबत जे बाकीचं बदललं ते गॅरेजांनी सोडून दिलं. ही एफसी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यातही कुणीतरी ट्रॅक्टरचं डिझेल कोंबलेलं होतं, आणि मूळचं हरिकेन मालकाच्या गोदामात ताडपत्रीखाली पडून होतं.

गाडी खड्ड्यावर घेतली आणि खालून बॅटरी मारली. डाव्या चेसिसला, इंजिनाच्या फाउंडेशनचं ब्रॅकेट जिथं बसतं तिथं, वेल्डिंगवर वेल्डिंग आणि त्यावर पुन्हा भेग. पुढचे पाटे सपाट झालेले. एफसी मुळातच पुढं जड गाडी आहे. विलीजच्या अभियंत्यांना मूळ एफसी-१५०च्या मागच्या टोकाला मुद्दाम लोखंडाचं वजन बांधावं लागलं होतं, म्हणजे ब्रेक मारल्यावर शेपूट उचलू नये. अशा गाडीच्या नाकात ट्रॅक्टरचं इंजिन टाकलं तर काय होणार, त्याला मिस्त्री कशाला लागतो! शिवाय डिझेलचे हादरे वेगळे. पेट्रोल इंजिनासाठी बसवलेलं ब्रॅकेट ते सोसत नाही.

असं चेसिस दुरुस्त करायची वेळ आली तर भेगेवरून नुसती रेघ ओढून घेऊ नका. भेगेचं शेवटचं टोक शोधा आणि तिथं ड्रिलने छिद्र पाडा, म्हणजे ती पुढं सरकत नाही. मग भेग व्ही आकारात घासून वेल्डिंग भरा. वरून पट्टी लावायची तर तिची टोकं तिरपी कापा. चौकोनी पट्टी लावली की पुढची भेग बरोबर पट्टीच्या कडेला पडते. मी पाहिलेल्या फुटक्या चेसिसपैकी बहुतेक अशाच पट्टीच्या कडेला फुटलेली होती.

डिझेल काढायचं ठरलं. मग मालकाच्या नातवाने, संभाजीनगरला इंजिनीअरिंग केलेला पोरगा, रोटरीचा विषय काढला. आबांची गाडी विंटेज रॅलीत न्यायची आणि हंगामात माल पण ओढायचा, अशी त्याची दुहेरी इच्छा. मी आधी हसलो, पण त्याचा हिशोब पोरकट नव्हता. रोटरी इंजिन हलकं आणि आटोपशीर. एफसीचं नाक हलकं झालेलं चांगलंच की.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, कनेक्टिंग रॉड नाही. मधे दबलेल्या लांबट गोलासारख्या पोकळीत तीन कोपऱ्यांचा एक रोटर फिरतो, आणि तो एकदा फिरेपर्यंत मधला शाफ्ट तीनदा फिरतो. रोटरच्या तिन्ही कोपऱ्यांवर सीलच्या पट्ट्या असतात आणि सगळं दुखणं तिथंच सुरू होतं. फेलिक्स वांकेलच्या कल्पनेवरून जर्मनीच्या एनएसयू कंपनीत पहिलं असं इंजिन १९५७ मध्ये चाललं. याच कंपनीने १९६७ मध्ये आरओ ८० ही मोटार काढली आणि सील झिजून परत येणाऱ्या इंजिनांनी तिचं कंबरडं मोडलं. जपानच्या माझ्दाने मात्र चिकाटीने ते निस्तरलं. माझ्दाने रोटरीची पिकअपसुद्धा काढली होती, १९७४ ते १९७७, फक्त अमेरिका आणि कॅनडासाठी. तिच्यात १३बी इंजिन होतं, दोन रोटर, मिळून १३०८ सीसी. आमच्या पोराला हेच हवं होतं.

रोटरीचं आपल्याला वावडं आहे असंही नाही. 'निशांत' या लष्करी वैमानिकरहित विमानासाठी बंगळूरच्या एनएएल या विमान-संशोधन संस्थेने अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या वाहन-संशोधन संस्थेसोबत ५५ हॉर्सपॉवरचं वांकेल इंजिन देशात बनवलं. २००९ मध्ये त्याच्यावर निशांत उडालं. पण विमानाचं इंजिन एका ठराविक वेगात तासन्‌तास चालतं, आणि तिथं एकेक किलो वाचवायचा असतो. बांधावरून भरलेली पिकअप चिखलातून काढताना यातलं काहीच लागू पडत नाही.

पोराचं १३बी इंजिन मोकळ्या भागांत आलं. विकणाऱ्याने "चालू कंडिशन" सांगितलं होतं. एका हाउसिंगमध्ये धूर सुटण्याच्या छिद्राजवळ क्रोमचा थर कडेने उडालेला होता. पिस्टनचं इंजिन असतं तर मी चिंता केली नसती: ब्लॉक बोअर करायचा, स्लीव्ह टाकायची, जालन्यात हे काम रोज चालतं. रोटरीची ती पोकळी कुठल्याही लेथवर बोअर होत नाही. आकार गोल नाही आणि वरचा थर गेला की हाउसिंग भंगारात. तेव्हा पैसे मोजण्याआधी नखाने कड तपासा, सगळ्या बाजूंनी. नख अडकलं तर सौदा सोडा. फोटोवरून तर मुळीच घेऊ नका. आम्हाला दुसरं हाउसिंग शोधावं लागलं आणि त्याने सगळं अंदाजपत्रक ओलांडलं.

जोडणी मला आवडली, खोटं कशाला सांगू. भाग कमी, पण स्वच्छता दवाखान्यासारखी लागते. आमच्या लेथच्या बुरादात ते काम होत नाही, म्हणून मालकाच्या घरची खोली घेतली. शाफ्टची पुढंमागं हालचाल डायल लावून मोजावी लागते. ती ०.०४ ते ०.०७ मिलिमीटरमध्ये बसायला हवी, आणि स्पेसर बदलून ती बसवायची. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: पुढचा मुख्य बोल्ट आवळण्याआधी हब थोडं जरी पुढं सरकलं, तर आतलं सुयांचं थ्रस्ट बेअरिंग जागेवरून खाली उतरतं आणि बोल्ट आवळताच चिरडतं. बाहेरून काही दिसत नाही. आवळल्यावर हालचाल पुन्हा मोजली तरच कळतं.

खरा वेळ गेला तो इंजिन आणि जुना तीन गिअरचा बॉक्स यांच्यामधल्या प्लेटमध्ये. प्लेट चिकलठाण्यात कापून घेतली. दोन्हीकडची भोकं जुळली म्हणजे काम झालं, असं समजणारे फार भेटतात. बॉक्सचा शाफ्ट इंजिनाच्या शाफ्टच्या नेमक्या मध्यावर यावा लागतो. त्यासाठी फ्लायव्हीलला डायल बांधा, काटा बेल हाउसिंगच्या बोअरला टेकवा आणि इंजिन हाताने एक पूर्ण फेरी फिरवा. काटा जेवढा हलेल त्याच्या निम्म्याने मध्य सरकलेला आहे असं समजा. हे पाहिलं नाही तर क्लच थरथरतो, गिअर आपोआप सुटतो, आणि बॉक्सचं पुढचं बेअरिंग ओरडायला लागल्यावर लोक बॉक्सला शिव्या देतात.

आता जो हिशोब सगळ्यात आधी करायला हवा, तो सांगतो. कागद-पेन्सिल पुरते. एफसीच्या एक्सलचं प्रमाण ५.३८. तिसरा गिअर सरळ. चाकाचा एक फेरा साधारण २.४ मीटर. ताशी ६० किलोमीटरला इंजिन सव्वादोन हजारांवर फिरतं. हरिकेन तिथं पूर्ण जोरात असतं. तीन हजारांवर अडणारं ट्रॅक्टरचं डिझेल ८०च्या पुढं जाणार नाही. आणि रोटरी? ते सव्वादोन हजारांवर अर्धवट झोपेत असतं. त्याला सहा हजार पाहिजेत, आणि सहा हजारांवर ही गाडी १६०ने पळायला लागेल. चारी चाकांना जुने ड्रम ब्रेक, पाट्यांवर उभी गाडी. कोण चालवणार ती?

मोकळी गाडी खरोखर सुंदर चालली. हादरा नाही, शिवणयंत्रासारखा आवाज, पोराचा चेहरा बघण्यासारखा. मग धाडच्या रस्त्याला पाऊण टन कट्टे भरून घेतली. सुटतानाच क्लचचा वास आला. चढाला तिसरा गिअर नुसता शोभेला. दुसऱ्यात ताशी ६० गाठायचं तर साडेतीन हजार फेऱ्या, आणि मिरचीचा रस्ता काही ६०चा नसतो. पेट्रोल किती पितं हे पोराने मोजलं आणि आबांना सांगितलं नाही.

उष्णता हा दुसरा मोठा विषय. पिस्टनच्या इंजिनात एकाच जागी आळीपाळीने गार हवा आणि जाळ येतो. रोटरीत जाळाची बाजू कायम जाळाचीच. एकदा पाणी संपून इंजिन तापलं की हाउसिंग वाकतं आणि आतले पाण्याचे रबर ओ-रिंग जातात, मग सगळं पुन्हा खोलणं आलं. रोटर ऑइलने थंड होतो, म्हणून रेडिएटर कितीही मोठा लावा, ऑइल कूलर वेगळा लागतोच. सीलला ऑइल पुरवणारा छोटा पंप काढून टाकला असेल तर पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळावं लागतं, आणि ते हंगामी ड्रायव्हर विसरणार हे लिहून ठेवा. एफसीत तर सायलेन्सरची नळी ड्रायव्हरच्या मांडीशेजारून जाते. मे महिन्याच्या दुपारी आम्ही झाकणाखाली सिरॅमिकची चादर घातली, तरी पाय ठेववत नव्हता.

हे सगळं निस्तरलं असतं. कागद निस्तरत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसी बुकात जे लिहिलंय आणि कंपनीने जे बनवलंय, त्याच्याशी विसंगत बदल मालकाने करायचा नाही. त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या संमतीने टाकता येतं, सीएनजीसारख्या इंधनाला वेगळी वाट आहे. जपानी रोटरीला नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ नमुन्याविरुद्धचे बदल चालणार नाहीत हे स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही आलं. पासिंगला इंजिन नंबर जुळत नाही तिथंच गाडी थांबते. एजंट "करून देतो" म्हणेल. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस इंजिन नंबर वाचेल तेव्हा तो एजंट फोन उचलणार नाही.

रॅलीची गोष्ट तर आणखी कठीण. २०२१च्या विंटेज नोंदणीच्या नियमात गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी हवीच, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नको. शिवाय ती व्याख्या दुचाकी आणि खासगी प्रवासी मोटारींची आहे. 'मालवाहू' नोंद असलेली पिकअप तिच्यात बसत नाही, आणि विंटेज नोंद मिळाली तरी त्या गाडीने धंदा करता येत नाही. म्हणजे पोराच्या दोन्ही इच्छा एकाच गाडीत कधीच मावणार नव्हत्या. हे नियम गाडी खोलण्याआधी वाचले तर एक दुपार जाते. जुन्या गाडीचं आरसी बुक हातात घेऊन, त्यातला इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी जुळतो का हे पाहून, मगच पान्याला हात लावा. दोन्ही नंबर मालकाच्या सहीने वहीत लिहून घेतल्याशिवाय आता मी इंजिन उतरवत नाही.

गोदामातलं हरिकेन काढलं. ब्लॉकवरचा नंबर आरसी बुकाशी जुळला. ब्लॉक बोअर करून स्लीव्ह टाकल्या, क्रँक ग्राइंड केला, व्हॉल्व्हच्या सीट नव्या केल्या. यातलं प्रत्येक काम जालन्याच्या पुढं न जाता झालं, आणि सगळ्याचा खर्च रोटरीच्या नुसत्या भागांपेक्षा कमी आला.

रोटरी माझ्या शेडमध्ये स्टँडवर आहे. पोरगा त्याचा जनरेटर करायचा म्हणतोय. एकाच वेगात चालणार, गिअर नाही, क्लच नाही, आरटीओचा संबंध नाही. त्याला मी हो म्हटलंय. फक्त ऑइल कूलरचे पैसे आधी आणून दे, असं सांगितलंय.