जुन्या रुपयाचे मोल

पुष्कळांच्या घरी, पेटीत किंवा आजीच्या माळेत, राणीछाप आणि राजाछाप रुपये असतात. बाजाराच्या दिवशी एखादा फेरीवाला दारी येतो. म्हणतो, "मावशी, एका रुपयाचे दोनशे देतो." एकाचे दोनशे! मावशींना वाटते, पुष्कळ झाले. पण रुपया हातचा सोडण्याआधी त्यावरचे साल वाचावे. साल इंग्रजी आकड्यांत असते. ते दहा आकडे शिकून घेणे काही कठीण नाही.

१८६२ ते १९३९ या सालांचा रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा, म्हणजे जुना एक तोळा. (हल्ली पुष्कळ ठिकाणी १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. म्हणून हिशेब ग्रॅममध्येच करावा.) त्यात हजार भागांपैकी ९१७ भाग चांदी असते. झीज धरली तरी सुमारे साडेदहा ग्रॅम चांदी भरते. पुढे महायुद्धात चांदी टंचाईची झाली. १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी निम्मीच घातली. वजन मात्र तेवढेच ठेवले. त्यात सुमारे पावणेसहा ग्रॅम चांदी धरावी. १९४७ चा रुपया तर निकेलचा. त्यात चांदी मुळीच नाही.

लोहचुंबक लावून बघा. निकेलचा रुपया चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. पण चिकटला नाही म्हणजे चांदीच, असेही नाही. पितळ तरी कुठे चिकटते? भंडाऱ्याच्या माणसाला हे काय सांगावे! शंका आली तर सोनाराच्या काट्यावर वजन करावे आणि त्या दिवशीचा चांदीचा भाव दोन दुकानांत विचारावा.

समजा, भाव ग्रॅमला १०० रुपये आहे. तर १९०७ सालच्या रुपयात सुमारे १०५० रुपयांची चांदी झाली. सोनार थोडी घट धरील, ते रीतीचेच आहे. पण दोनशे?

नाणी जमवणारे हौशी लोक दुर्मिळ सालाला याहून जास्त देतात. त्यांना नाणे जसेच्या तसे लागते. म्हणून चिंच किंवा राख लावून घासू नये. कडी डाखलेल्या रुपयाला ते फारसे विचारत नाहीत, पण त्यातली चांदी कुठे जात नाही.

आता दुसरी बाजू. २०१२ साली वैष्णोदेवीचे चित्र असलेली ५ आणि १० रुपयांची नाणी निघाली. त्यांचे लाखो रुपये मिळतात, अशी अफवा पसरली. मोबाईलवर कुणी म्हणतो, "नाणे घेतो, आधी नोंदणीचे पैसे पाठवा." एक पैसाही पाठवू नका. रिझर्व्ह बँक अशा व्यवहारात नसते, कमिशनही मागत नाही. बँकेने २०२१ साली तसे जाहीर केले आहे. १८१८ साल आणि रामदरबार कोरलेले तांब्याचे तुकडेही चलनी नाणी नव्हेत.

आखातातून कुणी नाणी आणतो. दोन्हीकडे नाव फिल्स, पण अमिरातीत १०० फिल्सचा एक दिरहम, तर कुवेतात १००० फिल्सचा एक दिनार. म्हणून देशाचे नाव आधी वाचावे. इथले पैसे बदलून देणारे बहुधा नोटाच घेतात. तेव्हा ती नाणी तिकडे जाणाऱ्याच्या हाती द्यावी.

पाटीवर करा: १९०७ चे ३ रुपये आणि १९४२ चे २ रुपये आहेत. भाव ग्रॅमला १०० रुपये. चांदी किती रुपयांची? (उत्तर: सुमारे ४३०० रुपये.)